नावाला कुलूप नव्हतं

भिवंडी
शुक्रवार, ११ जून १९९३

रघू,

वर ‘सप्रेम जयभीम’ लिहून खोडलंय, ते तुला दिसेलच. जयभीम आबांकडून घे. माझ्याकडून नुसतं रघू पुरे.

तुझा सुरतेचा पत्ता मोहिउद्दीनचाचांनी दिला. सख्ख्या बहिणीला कळवायला तुला तोंड नव्हतं, आबांबरोबर रंगाच्या मशिनवर उभं राहणाऱ्या चाचांना मात्र कळवलास. चाचा म्हणाले, ‘भाई है तेरा, गुस्से में मत लिखना.’ मी हो म्हटलं आणि घरी येऊन लिहायला बसले.

आबा घरी बसले त्याला चार महिने झाले. अजून सकाळी सहाला उठतात, दाढी करतात, डबा भरलास का विचारतात. मग त्यांचं त्यांनाच आठवतं. चहा पिऊन दाराशी बसतात आणि दहा वाजले की उठून आत जातात, भिंतीकडे तोंड करून आडवे होतात. दहालाच का, ते तुला सांगायला नको. एकतीस वर्षं दहाच्या उजेडात कंपनीच्या मागच्या दाराशी उभं राहून त्यांनी रंगाची चिंधी बघितली. ओली चिंधी इस्त्रीच्या पत्र्यावर सुकवायची, दोन बोटांत ताणायची, मान जरा वाकडी करायची. तो उजेड आता त्यांना सोसत नाही.

तू त्या दिवशी रामनाथशेठसमोर काय बोललास, ते मी फोल्डिंग खात्याच्या दारातून ऐकलं. माझ्या हातात कापडाचा तागा होता. शाळेच्या युनिफॉर्मचं चार हजार मीटर हिरवं कापड व्यापाऱ्याने परत पाठवलं होतं, रंग निळसर मारतो म्हणून. शेठने विचारलं, चूक कुणाची, कॉम्प्युटरची की रंगमास्तरची? तू केबिनमध्ये गेलास, दहा मिनिटांनी बाहेर आलास आणि म्हणालास, ‘मशीनमध्ये काही चूक नाही शेठ. फाईल बरोबर आहे.’

आबा बाजूलाच उभे होते रे. त्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू जमिनीकडे बघत होतास. मग आबाच म्हणाले, ‘मंग माजे डोलेच गेले असतील.’

आपल्या तोंडाने म्हणाले. शेठला काही बोलावंच लागलं नाही.

आणि ते कापड रंगत असताना आबा तुझ्या खिडकीशी आले होते, तेही चाचांनी मला सांगितलं. ‘रघू, जरा निला मारतो का रं?’ म्हणून विचारलं त्यांनी. तू आतून म्हणालास, आबा, मशीनमधून काढलंय, एकशे सतराच आहे. त्यांना शंका आली होती! बापाच्या डोळ्यांपेक्षा तुझा तो डबा खरा ठरला.

तो डबा आला तेव्हा नारळ कोण फोडायला धावलं होतं? आबाच. एक्याण्णव साली शेठने एसी केबिन केली, मशिनला प्लास्टिकचं कव्हर घातलं, चपला बाहेर काढायचा हुकूम सोडला. कल्याणला जाऊन कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला पोरगा आहे माझा, म्हणत आबा शेठच्या मागेमागे फिरले आणि तुला खुर्ची मिळाली. मग शेठ म्हणाले, मास्तर, तुमची वही यात घालू, वही भिजते, फाटते. आबांनी वही दिली. चारशे बारा रंगांची वही. पानापानावर चिंधी चिकटवलेली, खाली कुठली पूड किती ते लिहिलेलं आणि वर नाव. नंबर नाही, नाव. आबांनी रंगाला कधी नंबर दिला नाही. आजीच्या लुगड्याचा काळपट हिरवा, तो ‘ठमाबाई’. आईच्या चुड्याचा हिरवा, तो ‘कौसल्या’. चाचांच्या रुकय्याचाचीच्या ओढणीचा गुलाबी, ‘रुकय्या’. गणेशपुरीच्या गरम कुंडावर वाफ दिसते तो राखाडी, ‘गणेशपुरी’. रंग माणसाच्या अंगावर बघितला की मंग इसरत न्हाय, असं म्हणायचे.

तू ती सगळी नावं आत घातलीस, आठ इंग्रजी अक्षरांत बसतील तशी. आबा किती खूश झाले होते. आणि मग ब्याण्णवच्या दिवाळीला शेठने सांगितल्याबरोबर एका शुक्रवारी बसून चारशे बाराच्या चारशे बारा नावांचे आकडे केलेस. ठमाबाई एकशे सतरा. आई एकशे अठरा. नावं असली की मास्तरशिवाय कुणाला कळत नाही, आकडे असले की कुणीही चालवेल, असं शेठ म्हणाले होते. त्याचा अर्थ तुला कळला नसेल, इतका तू भोळा नाहीस.

वही शेठच्या कपाटात गेली. फायलींना पासवर्ड लागला. शेठना सगळं उघडायची परवानगी, तुला बदलायची परवानगी, आणि ज्याचे रंग त्याला केबिनमध्ये पाऊल टाकायचीसुद्धा नाही, कारण हातापायाला रंग असतो, मशीन खराब होईल. आजा कोन गावच्या विहिरीशी उभा राहायचा, कुणी वरून ओतलं तर पाणी. आबा तुझ्या खिडकीशी उभे राहायचे, तू आतून दिलीस तर मापांची चिठ्ठी.

परत आलेलं ते कापड शेठने कामगारांना स्वस्तात काढलं. आपल्या गल्लीत आता दर दाराला हिरवा पडदा आहे. उशांचे अभ्रे हिरवे, परकर हिरवे. आबांची चूक दारोदार टांगून ठेवली आहे. मी एक मीटरही घेतलं नाही.

तू सुरतेला खुशाल रहा.

आक्का

भिवंडी
शुक्रवार, ७ ऑक्टोबर १९९४

रघू,

तुमच्याकडे प्लेग आला म्हणतात. लोक तोंडाला फडकी बांधून सुरतेहून पळताहेत, असं पेपरात आहे. कापडबाजारात सुरतेचा ट्रक आला तर हमाल हात लावत नाहीत. तू जिवंत असशील तर दोन ओळी टाक. मला नको आहेत त्या. आबा तुझं नाव घेत नाहीत, पण रेडिओवर बातम्या लागल्या की कान देतात आणि मला विचारतात, ‘तिकडचं काय म्हनतात?’ तिकडचं म्हणजे तू.

गेल्या वर्षीच्या माझ्या पत्राला तुझं एका ओळीचं उत्तर आलं होतं. ‘आक्का, तू लिहितेस ते सगळं बरोबर आहे.’ बस्स? चार पानं शिव्या घातल्या मी आणि तू बरोबर म्हणतोस? भांड तरी. माझं काही चुकलं असेल तर सांग तरी. माणूस ज्याच्यावर चिडतो त्याने असं मान खाली घालून बसलं की चिडणाऱ्याचाच घसा बसतो.

आबांचं सांगते. ते आता रंगाचं नाव घेत नाहीत. सदरा घालताना मला विचारतात, कले, हा कंचा? मी म्हणते पांढरा. ते मान डोलावतात. पांढरा कळत नाही असं नाही रे त्यांना. मोतीबिंदू आहे हे खरं, डाव्या डोळ्यात जास्त. पण पांढरा कळतो. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वासच काढून घेतला आहे. ऑपरेशन करू या म्हटलं तर म्हणतात, काय बघायचं राह्यलंय? परवा वरच्या आळीतली जाईबाई साडीचा तुकडा घेऊन आली, मास्तर, याला जुळता खण कुठला घेऊ म्हणून. आबांनी तुकडा हातातसुद्धा घेतला नाही. माझ्याकडे बोट दाखवलं.

आता दुसरी गोष्ट. ही ऐकून तुला हसू येईल. तुझ्या खुर्चीवर मी बसते.

तू गेल्यावर शेठने ठाण्याहून एक माणूस आणला, तो टिकला नाही. दुसरा आणला, तो आठ महिने राहिला. शेवटी चाचांनीच शेठच्या कानावर घातलं की फोल्डिंगमधल्या कलावतीला मशीन येतं, भावाने शिकवलंय. शेठने विचारलं आणि मी हो म्हटलं. बापाला ज्या खिडकीबाहेर उभं केलं, तिच्या आत मी चपला काढून बसले. आबांना सांगितलं तर म्हणाले, बस. घरात येकानं तरी आत बसावं. मला रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं.

मशीन मला तूच शिकवलंस, शुक्रवारी शुक्रवारी. कारखाने बंद, गल्लीत लूमचा आवाज नाही, आणि तू फ्लॉपीवर कॉपी काढायला जायचास तेव्हा केबिन झाडायला म्हणून मला न्यायचास. त्या शुक्रवारांबद्दल मला आत्ता लिहायचं नाही.

एवढंच लिहिते की खुर्चीवर बसल्याच्या पहिल्या दिवशी शेठ जेवायला गेल्याबरोबर मी एकशे सतरा उघडून बघितली. तू प्रत्येक फायलीच्या पहिल्या ओळीत आबांनी दिलेलं जुनं नाव ठेवलं आहेस, ती ओळ चिठ्ठीवर छापली जात नाही म्हणून शेठला माहीत नाही. एकशे सतरात ठमाबाई होती. एकशे अठरात कौसल्या. जिथल्या तिथे.

 म्हणजे मशीन बरोबर होतं. म्हणजे आबांचेच डोळे चुकले. वाईट वाटायला हवं होतं मला, आणि मला बरं वाटलं रघू. इतकं बरं वाटलं की घरी जाताना मी जिलबी घेतली. आबांनी विचारलं, कसली गं जिलबी? मी म्हटलं, नवीन कामाची.

हे मी तुला का सांगते आहे कळत नाही. तोंडाला फडकं बांधून बाहेर पडत जा.

आक्का

भिवंडी
शुक्रवार, २३ ऑगस्ट १९९६

रघू,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता फाडणार नाही, कारण कागद संपले.

कंपनीत नवीन मशीन आलं आहे. नवीन पद्धतीत फायलीला आठ अक्षरांचं बंधन नाही, वाटेल तेवढं लांब नाव देता येतं. शेठ म्हणाले, जुन्या चारशे बारा फायली यात घाल आणि जुन्या चिठ्ठ्या चाळून कुठला रंग कधी निघाला त्याची यादी कर. छापलेल्या सगळ्या चिठ्ठ्या लोखंडी तारेला टोचून ठेवलेल्या असतात, सालावार. मी एकेक काढत गेले. ९ फेब्रुवारी १९९३. वर एकशे सतरा. लॉट चार हजार मीटर.

ती चिठ्ठी मी एकशे सतराच्या फायलीला लावून बघितली. जुळेना. पूड तीच, पण मापं वेगळी. मग एकशे अठराला लावून बघितली. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळली.

म्हणजे त्या दिवशी एकशे सतरा या नावाखाली आई होती. आणि मी खुर्चीवर बसले तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. मध्ये कुणीतरी सरळ केलं. शेठला उघडता येतं, बदलता येत नाही, त्यांना एन्टर कुठे आहे ते सांगावं लागतं. तुझ्यानंतर आलेल्या दोघांना कुठला आकडा कुणाचा ते ठाऊकच नव्हतं. शेठने विचारल्यावर तू दहा मिनिटं केबिनमध्ये होतास. दहा मिनिटं काय करत होतास ते मला साडेतीन वर्षांनी कळलं.

आता माझं ऐक. तुला माहीत आहे, तरी ऐक. मी एकदा लिहायला हवं.

दिवाळीच्या त्या शुक्रवारी नावांचे आकडे करताना तू एकटा नव्हतास. मी शेजारी स्टुलावर होते, यादी वाचून दाखवत होते. आधीच्या पत्रात मी असं लिहिलं जसं काही तूच एकटा बसला होतास. ठमाबाई वाचताना मला काही वाटलं नाही. कौसल्या वाचलं तेव्हा तू थांबलास, मी म्हटलं, घाल, पुढचं घे. मी म्हटलं होतं.

मग जानेवारीतला तो शुक्रवार. तू लुना घेऊन कल्याणला फ्लॉपी आणायला गेलास, मशीन चालू ठेवून, मला केबिन झाडायला सांगून. सगळीकडे आकडे आणि आकडे. मला आईचं नाव बघावंसं वाटलं. बाकी काही मनात नव्हतं, आईची शपथ. तुझा पासवर्ड मला माहीत होता. तू तो कधी लपवला नाहीस आणि तो काय होता ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आक्का. मला हाक मारायचं नावच तू कुलूप म्हणून लावलं होतंस.

फायलींना तू दुसरंही एक कुलूप घातलं होतंस, मला मोठ्या अभिमानाने दाखवलं होतंस. वाचता येईल, आत एक अक्षर बदलता येणार नाही. मी करून बघितलं, खरंच आत शिरू देईना. पण मग मी नुसतं नाव बदलायला सांगितलं, तर मशीन काही बोललंच नाही. बदललं. आतल्या सगळ्याला कुलूप आणि नावाला नाही! तुला तरी माहीत होतं का हे? मी एकशे अठराची कौसल्या केली. मग आजीला काय वाटेल म्हणून एकशे सतराची ठमाबाई केली. आकड्यांच्या त्या लांब रांगेत दोघी सासूसुना बसल्यासारख्या दिसत होत्या. मी झाडू हातात घेऊन बघत बसले.

फाटकाशी तुझ्या लुनाचा आवाज आला. मी घाईघाईने दोघींना परत आकडे दिले. कुणाला कुठला, ते तेव्हा मला बरोबर वाटलं होतं.

लॉट परत आला तेव्हा मला तो शुक्रवार आठवला होता. पण तू बाहेर येऊन म्हणालास, फाईल बरोबर आहे. मी तुझ्या त्या वाक्याला लटकून राहिले. तू खोटं बोलशील असं मला वाटलंच नाही आणि तू खोटं बोललास म्हणून मी तुला चार पानं शिव्या घातल्या, दोन्ही एकाच वेळी. मनात एवढी जागा कशी असते कोण जाणे.

पासवर्ड काय, हे शेठने विचारलं असतं तर पहिला हात माझ्यावर पडला असता. म्हणून तू नावं सरळ केलीस आणि आबांना पुढे केलंस. मला वाचवायला तुला आबाच सापडले? मला विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं, हे लिहून मोकळी होणार होते. पण खरं सांगते, तेव्हा मी गप्प बसले असते.

आबांना अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही. आता तू तरी मला काहीतरी घाण लिही.

आक्का

भिवंडी
शुक्रवार, १२ डिसेंबर १९९७

रघू,

मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं ते मी मशीनच्या कव्हराखाली ठेवलं आहे. ‘आबांना सांगू नकोस. त्यांना एक मूल तरी राहू दे.’ वर्षभर मी त्या वाक्यावर जगले. तुझं वाक्य मला नेहमी सोयीचं पडतं बघ. ‘फाईल बरोबर आहे’ हेही पडलं होतं.

आबांचं ऑपरेशन झालं. वळ गावच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं होतं, चाचांनी त्यांना जवळजवळ उचलूनच नेलं. काय बघायचं राह्यलंय म्हणत होते, त्यावर चाचा म्हणाले, ‘मेरा थोबडा देख ले मास्टर, बुढ्ढा हो गया मैं.’ पट्टी निघाली, काळा चष्मा महिनाभर घातला, परवा नंबरचा चष्मा आला.

काल सकाळी मी कामावर निघायच्या तयारीत होते, मला उशिरा बोलावलं होतं. आबा नवीन चष्मा लावून गल्लीत गेले. दहाचा सुमार. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बाहेर बघितलं, तर चाचांच्या दारासमोर उभे. दारावरचा तो हिरवा पडदा, पाच वर्षं धुऊन धुऊन विटलेला. आबांनी पडद्याची दुमडलेली खालची शिवण उसवली, आत न विटलेलं कापड होतं, ते दोन बोटांत ताणलं. मान वाकडी केली. पाच वर्षांनी मी त्यांची मान तशी बघितली. 

रुकय्याचाची आतून बाहेर आल्या, पडदा का फाडताय म्हणून. आबा त्यांना म्हणाले, ‘भाभी, ही ठमाबाई न्हाय. ही कौसल्या हाय.’

मग पुढच्या दाराशी गेले. तिथलाही पडदा उसवला. मग पुढच्या. गल्लीतले लोक हसायला लागले, मास्तरला दिसायला लागलं म्हणून खुळावला. मी धावत जाऊन हात धरला. चेहरा, रघू, चेहरा लॉट पास झाल्यावर व्हायचा तसा. मला म्हणाले, ‘कले, रंग चुकला न्हवता. जसा पायजे तसा उतरलाय, येक तोलाबी इकडंतिकडं न्हाय. माज्या हातानं तुज्या आयशीचा रंग चार हजार मीटर काडला. माजे डोले बरोबर व्हते. मी इचारलं व्हतं, निला मारतो का. कागूद चुकला.’

मी हो म्हटलं.

घरी आणून बसवलं. पाणी दिलं. ते पाणी प्यायले आणि अगदी शांतपणे विचारलं, कागद कुणी चुकवला?

वर्षभर मी हा प्रश्न मनात ऐकत होते. उत्तर पाठ होतं. चूक माझी, आबा, मी आईचं नाव बघायला गेले होते. एवढंच म्हणायचं होतं. माझी जीभ उचलली आणि मी म्हणाले, ‘रघूनं.’

एवढंच. तुझं नाव. मशीनने जसं मला काही न विचारता बदलू दिलं होतं, तसंच आबांनीही काही विचारलं नाही.

 मला वाटलं, आता शिव्या देतील, तुझा फोटो काढून टाकतील. आणि ते काय म्हणाले ऐक. म्हणाले, ‘मंग त्याला बोलाव. पोराच्या हातनं चुकी झाली म्हनून का पोर टाकायचा अस्तो? भ्याला असंल. माज्यासमोर यायला भ्याला असंल पाच वर्सं.’ आणि रडले. आई गेली तेव्हा रडले होते तसे, खांद्याने.

तू जे केलं नाहीस त्याची तुला माफी मिळाली आहे. मी जे केलं त्याची मला मागताच आली नाही, आणि आता मागायला जागाही उरली नाही. काल दुपारपासून ते माझ्यावर इतके खूश आहेत! मी म्हणे पाच वर्षं भावाची चूक पोटात ठेवली, त्यांना दुःख नको म्हणून. चाचांना सांगून झालं, जाईबाईला सांगून झालं. संध्याकाळी जाईबाई कौतुकाने माझ्या तोंडावरून हात फिरवून गेली. मला तो हात झटकून टाकावासा वाटला आणि मी हसले.

आज सकाळपासून ते घरातल्या प्रत्येक वस्तूचा रंग सांगताहेत. माझ्या साडीला म्हणाले, ही आपल्या कोन गावची भाताची रोपं, लावनीच्या आदल्या दिवसाची. असा रंग वहीत न्हवता, म्हणाले, लिहून ठिव. मी आतल्या खोलीत जाऊन उभी राहिले.

तुझ्यावर मला अजूनही राग आहे, तो का ते आता नीट सांगता येईल. तू सोसलंस म्हणून. तू आबांचा बळी देऊन मला वाचवलंस आणि मग स्वतः निघून गेलास, मला इथे त्यांच्यासमोर रोज भाकरी वाढायला ठेवून. सोपं तुझं होतं. पाच वर्षं तुला कुणी विचारलं नाही, सदऱ्याचा रंग कुठला. तुझ्या त्या मोठ्या मनाखाली मी चेपून गेले. मी मागितलं नव्हतं ते. तरी घेतलं, तेही खरंच.

तू ये. आबा म्हणतात म्हणून ये. येशील तेव्हा त्यांना खरं काय ते माहीत असेल किंवा नसेल, ते मी सांगू शकत नाही, कारण तोंडाने मला सांगता येत नाही हे काल मला कळलं. माझ्या तोंडावर माझा भरवसा नाही. म्हणून एवढं लांब लिहिलं, आणि अक्षर मुद्दाम मोठं आणि सुटं काढलं आहे. तुझे डोळे तरुण आहेत, तुला त्याची गरज नव्हती.

पत्र उद्या आबाच पोस्टात टाकणार आहेत. मला म्हणाले, मी जातो, माज्या पोराचं पत्र मी टाकतो. दहाला निघतील. चष्मा आल्यापासून त्यांना दिसेल ते वाचायचा नाद लागला आहे, दुकानांच्या पाट्या, गोळ्यांची पाकिटं, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून.

डिंकाची बाटली समोर आहे. पाकीट मी चिकटवलेलं नाही.

कलावती